घर सावरावे की सोडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी त्यांना विचारले, "विषय कोणता?" त्या म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा. पण सगळ्यांच्या कामाचा असू द्या." मी काही व्याख्यानबाजी करणारी बाई नव्हे. शाळेत मुलींना तीस वर्षे भूगोल शिकवला, एवढाच काय तो बोलण्याचा सराव. म्हणून फार लांब न जाता मी आपल्या याच सतरंजीवरचा विषय उचलला. भजन आटोपल्यावर आणि चहा येण्यापूर्वी आपल्यात जी कुजबुज चालते, तीत गेली दोन-तीन वर्षे एकच गोष्ट फिरून फिरून ऐकू येते. कोणी म्हणते, आमच्याकडे वाडा पाडायचे घाटते आहे. कोणी म्हणते, मुलाने जुळे सोलापुरात फ्लॅट पाहून ठेवला आहे. कोणी म्हणते, आम्ही आहे तेच घर नीट करणार, पण मेळ बसत नाही. आणि शेवटी प्रत्येकीचे वाक्य एकच असते, "बघू, काय ठरवतात ते!"

ठरवतात! म्हणजे आपण ठरवत नाही. ज्या घरात दिवसाचे अठरा तास आपण वावरतो, त्या घराचे काय करायचे हे दुसरे कोणी ठरवणार आणि आपण चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहणार. त्या वाक्यामुळेच मी आज उभी राहिले आहे. घर सावरावे की सोडावे, याचे एकच उत्तर माझ्याजवळ नाही. परंतु तो प्रश्न कसा सोडवावा हे मी तीन घरांत पाहिले आहे, माझ्या आजोळी, माझ्या माहेरी आणि माझ्या सासरी. तेच आपल्यापुढे ठेवते.

माझे सासर कसब्यात, हे आपल्याला ठाऊक आहेच. माळवदाचे जुने घर. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कडीपाट आणि वर पांढऱ्या मातीचा थर. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत असते, तेव्हा आमच्या माजघरात पाठ टेकली की डोळा लागतो. उन्हाळ्यात माळवदावर पापड, कुरडया, सांडगे वाळायचे, आणि रात्री पाणी शिंपडून सगळे घर तिथेच झोपायचे. मागे आड आहे. नळाला रोज पाणी येत नाही अशा आपल्या गावात आड म्हणजे केवढी श्रीमंती, हे मी आपल्याला सांगायला नको. संक्रांतीच्या सुमारास उत्तर कसब्यातील हिरेहब्बूंच्या वाड्यातून सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात, तेव्हा हलग्यांचा आवाज आमच्या देवघरापर्यंत येतो.

पण मी फक्त गोड गोडच सांगितले तर आपण म्हणाल, बाई जुन्याचे पोवाडे गाते आहे. दरवर्षी मृगापूर्वी माळवदावर माती टाकावी लागते, ती चोपावी लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. एक वर्ष चुकले की पावसाळ्यात घरभर पातेली मांडायची. वाळवी कधी कोणत्या सराला लागेल सांगता येत नाही. मोरी एका टोकाला, संडास परसात, स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजताही दिवा. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर उंबऱ्याला ठेच लागत होती. हेही सारे त्याच घराचे आहे.

आता मी आपल्याला १९९३ साली नेते. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्रीच गणपती पोचवून सारे गाव दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भांड्यांची फळी वाजली, खांब कुरकुरले, आणि माळवदाची माती अंगावर झरली. सोलापुरात आम्ही मुलांना उचलून रस्त्यावर आलो आणि वाचलो. पण पूर्वेला, किल्लारी-सास्तूरच्या भागात, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, जवळजवळ आठ हजार माणसे आपल्या स्वतःच्या घराखाली गाडली गेली. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात जखमींना आणले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकींनी भाकऱ्या भाजून पोचवल्या असतील. माझे आजोळ आणि माहेर दोन्ही त्याच भागात, एकमेकांपासून काही कोसांवर.

ती माणसे का मेली, हे मला पुढे समजले आणि आजच्या विषयाचे मूळ तिथेच आहे. बाहेरून आपल्याला जाडजूड भिंत दिसते. पण ती एक भिंत नसते. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे गोटे नि माती भरलेली. दोन्ही थरांना सांधणारा, आरपार जाणारा लांब दगड पूर्वीचे चांगले गवंडी ठेवीत. पुढे कोणी तेवढी काळजी घेतली, कोणी घेतली नाही. वर दरवर्षी टाकलेली माती साचून साचून छप्पर भयंकर जड झालेले. धरणी हलली तशी भिंत मधून उकलली आणि वरचे ओझे खाली आले. मात्र जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता आणि छप्पर त्याच्यावर होते, भिंतीवर नव्हते, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेर पडल्या पण सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष सबंध जुन्या घराचा नव्हता. तो न सांधलेल्या भिंतीचा आणि डोक्यावर साचवलेल्या ओझ्याचा होता. पण मुलाबाळांना मातीतून उकरून काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्या लोकांच्या मनात दगड म्हणजे मृत्यू आणि सिमेंट म्हणजे जीव, असे कायमचे बसले. त्यांना दोष देता येत नाही.

सरकारने पुढे जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. अगदी जमीनदोस्त झालेली ५२ गावे उचलून नव्या जागी वसवली. काही गावांत जुन्या जागीच नवी घरे बांधली. आणि ज्या घरांना तडे गेले होते पण जी उभी होती, अशी दोन लाखांच्या आसपास घरे दुरुस्त आणि मजबूत करायचे ठरले. सोडणे, पुन्हा बांधणे आणि सावरणे, तिन्ही वाटा एकाच वेळी एकाच मुलखात चालल्या. असे उदाहरण आपल्याला दुसरीकडे सहसा मिळायचे नाही, आणि ते आपल्या शेजारी आहे.

माझे आजोळ नव्या जागी गेले. नवे गावठाण म्हणजे रुंद सरळ रस्ते, ओळीने सिमेंटची घरे. ज्याच्याकडे जेवढी जमीन त्या मानाने घर : भूमिहीनांना २५० चौरस फुटांचे, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. माझ्या मामीला पहिल्या रात्री स्वस्थ झोप लागली, असे ती सांगे. "ग बाई, हे पडायचं नाही," एवढ्या एका गोष्टीसाठी तिने बाकी सारे पत्करले. पण पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा ती म्हणाली, "इथं कुणाच्या दारात जायचं म्हणजे गावाला जाऊन आल्यासारखं वाटतं." जुन्या गावात भिंतीला भिंत होती, विस्तव मागायला, ताक द्यायला, अंगावरच्या पोराला घटकाभर ठेवायला शेजारीण हाताशी होती. नव्या गावात तीच माणसे विखुरली. जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बायकांनी धुणे कुठे धुवायचे, याचा विचार नकाशात फारसा नव्हता. मग प्रत्येकाने घरापुढे पत्र्याची छपरे काढली, आणि दुपारी सिमेंटच्या स्लॅबखाली कोणी बसेना म्हणून सारे घर त्या छपरात येऊन बसू लागले. मामीने जुने घर सोडले ते बरोबरच केले. त्या गावाला दुसरा इलाज नव्हता. पण घराबरोबर आणखी काय काय सुटणार आहे, ते तिला आधी कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

माझ्या माहेरी घर उभे होते, पण परसाकडच्या भिंतीला मोठा तडा गेला होता. दुरुस्तीसाठी सरकारी मदत हप्त्याहप्त्याने मिळायची होती. माझ्या भावाने काय केले? जुन्या घराला हातही लावला नाही. अंगणात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि म्हणाला, "झोपायला ही, बाकीला ते." त्याने एकट्यानेच असे केले नाही, त्या भागात पुष्कळांनी हेच केले. भीती एवढी की जुन्याला बळकटी येऊ शकते यावर विश्वासच नव्हता. झाले काय? नवी खोली दिवसा तापायची, म्हणून तिच्यात धान्याची पोती गेली आणि दोन-तीन वर्षांत माणसे परत त्याच तडा गेलेल्या भिंतीशेजारी झोपू लागली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत!

हे दुरुस्त केले ते माझ्या वहिनीने. त्या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांना सामील करून घेण्यात आले होते. मंडळातील बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले, आणि हजारावर गावांत त्या घरोघर जाऊन दुरुस्ती कशी करायची ते समजावून देऊ लागल्या. भगिनींनो, आपल्यासारखीच महिला मंडळे बरे का! भजन-हळदीकुंकवाची. त्या बायका भिंतीच्या आरपार दगड कसा बसवायचा, माळवदावरची जास्तीची माती कशी उतरवायची, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपा लाकडी आधार का ठोकायचा, हे शिकल्या. माझी वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. तिने गवंड्याला उभे राहून सांगितले, "इथं भोक पाड, सळई घाल, काँक्रीट भर. दोन्ही भिंती एकमेकींना धरतील." गवंडी हसला, पण त्याने केले. माळवदावरून गाड्यामागून गाडे माती उतरली. ते घर आजही उभे आहे, आणि उन्हाळ्यात मी तिथे जाते ती त्या माजघरातल्या गारव्यासाठीच.

आता माझ्या सासरी येते. २०२० सालच्या ऑक्टोबरात, १४ तारखेच्या सुमारास, आपल्याकडे जो प्रचंड पाऊस झाला तो आपण विसरला नसाल. आधीच कोरोनाचे वर्ष. त्या पावसात आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला पोट आले. भिंत फुगलेली मी पाहिली आणि मला एकदम किल्लारी आठवली. त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात बैठक बसली. मोठा मुलगा म्हणाला, "आई, आता हे घर पुरे. जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊ." धाकट्या भाऊजींचे म्हणणे, बिल्डरला द्यावे, त्याने पाडून इमारत उभी करावी आणि आपण दोन-दोन खोल्या घ्याव्या. आमचे 'हे' म्हणाले, "वडिलांचे घर मी मोडणार नाही." तिघांनी तीन टोके धरली. सासूबाई कोपऱ्यात जप करीत होत्या. मी चहा आणला. खरे सांगते, मीही तेव्हा ट्रे घेऊनच दारात उभी होते.

दुसऱ्या दिवशी एक ठेकेदार आला. त्याने बाहेरूनच घर पाहिले, भिंतीवर दोनदा थाप मारली आणि सांगितले, "काही अर्थ नाही बाई, सगळे पाडावे लागेल." आत येऊन खांब पाहिले नाहीत, माळवदावर चढला नाही. त्याच्या मागोमाग दुसरा आला. तो म्हणाला, "काही होत नाही, वरून सिमेंटचा गिलावा मारतो, नव्यासारखे दिसेल." एक म्हणतो मेले, दुसरा म्हणतो पावडर लावा! नाडी कोणीच पाहिली नाही.

मग मात्र मी गप्प बसले नाही. मी म्हटले, आधी डॉक्टर आणा, मग औषध. इमारतींच्या बळकटीची तपासणी करणारा एक जाणता इंजिनियर बोलावला आणि त्याच्याबरोबर एक म्हातारा गवंडी. गवंड्याने ओळंबा सोडून भिंत किती कलली ते पाहिले. इंजिनियरने जोते पाहिले, ते खचले नव्हते. खांबांत टोकदार हत्यार खुपसून पाहिले. दोन खांब बुडाशी वाळवीने पोकळ, बाकी ठणठणीत. भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवून त्यांवर तारीख लिहायला लावली. पट्टी तडकली तर भेग अजून वाढते आहे, शाबूत राहिली तर थांबली आहे. आपल्यापैकी कोणालाही करता येईल अशी ही गोष्ट आहे. चार महिन्यांत मागच्या भिंतीवरची पट्टी तडकली, पुढच्या तिन्ही शाबूत राहिल्या. ज्या प्रश्नावर चार रात्री भांडणे झाली, त्यातला अर्धा प्रश्न त्या काचेच्या पट्ट्यांनी सोडवला. मागचा भाग गेलेला होता, पुढचा भाग सावरण्याजोगा होता. सिमेंटच्या गिलाव्याबद्दल विचारले तेव्हा इंजिनियर म्हणाले, मातीच्या भिंतीवर तो थापला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. असल्या भिंतीला चुन्याचाच गिलावा बरा.

उरलेला अर्धा प्रश्न माणसांचा. त्यासाठी मी एक वही घेतली आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला सावरण्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला सोडण्याचा. मुलाने फ्लॅटची किंमत लिहिली. मी म्हटले, थांब, मुद्रांक शुल्क लिही, नोंदणी लिही, दरमहा द्यायचा देखभाल खर्च लिही, तुझ्या वडिलांना दुकानात जायला रोज लागणारा रिक्षाचा खर्च लिही. यांनी दुरुस्तीचा आकडा लिहिला. मी म्हटले, थांबा, टेकू लावण्याची मजुरी लिहा, राडारोडा वाहून नेणे लिहा, काम चालेपर्यंत भाड्याने राहायचे ते लिहा, आणि पुढे दरवर्षी माळवदाला लागणारी माती नि मजुरी लिहा. दोन्ही आकडे वाढले आणि दोघांचाही आवाज जरा खाली आला.

मग तिसरे पान उघडले. त्यावर पैसे नव्हते, खेपा होत्या. सकाळपासून रात्रीपर्यंत घरातली प्रत्येक बाई कुठून कुठे किती वेळा जाते. सूनबाई स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत, मोरीतून आडापर्यंत, पोराला घेऊन शाळेपर्यंत. मी मंडईपर्यंत, देवळापर्यंत, या मंडळापर्यंत. ते पान वाचल्यावर मुलाच्या लक्षात आले की बायकोला सगळ्यात जास्त त्रास होतो तो घराच्या वयाचा नाही, परसातल्या संडासाचा आणि लांबच्या मोरीचा आहे. आणि त्याला घर बदलण्याची गरज नाही. शेवटी मी सासूबाईंना विचारले. त्यांची नजर गेली होती, वय नव्वदीच्या घरात. त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारता? तुमचं तुम्ही ठरवा. फक्त एवढं सांगते, इथं मला रात्री अंधारात भिंत धरून मोरीपर्यंत जाता येतं. तिथं मी कुठली भिंत धरू?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

आम्ही घर सावरले. मागची खोली उतरवली आणि तिच्या जागी हलक्या छपराची, आतच मोरी-संडास असलेली नवी खोली बांधली. पुढच्या भिंतींत वहिनीच्या सांगण्याप्रमाणे आरपार सांधे घातले, माळवदावरचा वर्षानुवर्षांचा बोजा उतरवला, पोकळ खांब बदलले. सहा महिने भाड्याच्या दोन खोल्यांत काढले. ते सोपे गेले नाही. ठरवल्यापेक्षा खर्च जास्त झाला. दुरुस्तीच्या अंदाजात हाताशी काही राखून ठेवावे, हे त्यातून शिकले.

पण भाऊजी आणि जाऊबाई मात्र गेले, आणि त्यांनीही बरोबरच केले, हे मला येथे मुद्दाम सांगायचे आहे. जाऊबाईंचे गुडघे दुखावलेले. दोन उंबरे आणि माळवदाचा जिना त्यांना होत नव्हता. त्यांची मुलगी विजापूर रोडकडे नोकरीला. त्यांना लिफ्टच्या इमारतीत तळापासून वरपर्यंत पायरी चढावी लागत नाही. आमच्या वाटणीतील त्यांचा हिस्सा आम्ही रीतसर पैसे देऊन घेतला. एकाच घरातून दोन उत्तरे निघाली आणि दोन्ही खरी. म्हणून मी म्हणते, शेजारणीने काय केले ते पाहून आपण करू नये. तिचे गुडघे वेगळे, आपले वेगळे.

आमच्या गल्लीत पूर्वी भाड्याने राहणारी एक विडीकामगार बाई होती. दहा बाय दहाची खोली, त्यात सहा माणसे आणि विड्यांचे सूप. कुंभारीला गोदुताई परुळेकरांच्या नावाने विडीकामगारांची दहा हजार घरे झाली, २००६ साली ती लोकांच्या ताब्यात आली, तेव्हा ती तिकडे गेली. पुढे तिथेच 'रे नगर'ची तीस हजार घरांची वसाहत उभी राहू लागली आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांतली पंधरा हजार घरे लोकांना मिळाली. ती बाई एकदा भेटली. मी विचारले, "कसं आहे?" म्हणाली, "अक्का, सुरुवातीला लई वंगाळ गेलं. पानं-तंबाखू आणायला, विड्या पोचवायला एवढ्या लांब यायचं, अर्धी मजुरी गाडीभाड्यात. पण आता कुणी 'खोली खाली कर' म्हणत नाही." भाडेकरणीला सावरायला घरच नसते, तिचा प्रश्नच निराळा. ज्यांच्या घरातच चूल आणि घरातच रोजगार, मग त्या विड्या असोत, शिवणयंत्र असो की पापड असोत, त्यांनी घर बदलताना 'काम किती लांब जाईल' हे पहिल्या ओळीत लिहावे.

आता थोडे कागदांविषयी, कारण आपण बायका नेमक्या तिथेच मागे राहतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची बळकटी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, अशी तरतूद आपल्या महानगरपालिकांच्या कायद्यातच आहे. तेव्हा इंजिनियर बोलावणे ही चैन नव्हे. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सिटी सर्व्हेचा उतारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते डोळ्यांनी वाचा. पुष्कळ वाड्यांवर अजून आजेसासऱ्यांचे नाव असते. अशा घरावर पैसा घातला आणि मग दहा वारस उभे राहिले, तर भिंत राहील पण नाती पडतील. २००५ च्या कायद्याने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला आहे. नणंदेची सही घेताना 'नुसता अंगठा दे' असे म्हणू नका आणि माहेरी कोणी आपल्याला तसे म्हटले तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका. नवीन घर घेणार असाल तर तो प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे की नाही ते पाहा. आणि घर बाईच्या नावाने घेतले तर आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे आज घरी जाऊन अवश्य सांगा!

जोते खचत असेल, मुख्य लाकूड वाळवीने खाल्ले असेल, वारसांचा मेळ बसत नसेल किंवा घरातल्या आजारी माणसाला बाहेर काढायला बोळात गाडीच येत नसेल, तर जुन्याचा मोह सोडावा. पण नुसते 'जुनाट दिसते' म्हणून, शेजारी गेले म्हणून किंवा एखाद्या पावसाच्या भीतीने घर सोडू नये. आणि सावरायचेच ठरले तर आधी जोते, भिंत, लाकूड आणि छप्पर, मग मोरी-संडास, आणि फरशी-रंग सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे होते याच्या उलट. पाहुणे येणार म्हणून आधी रंग, आणि भिंतीचे पोट तसेच.

आमच्या सासूबाई २०२३ साली गेल्या, शेवटपर्यंत त्याच भिंतीला हात लावून फिरत होत्या. आता माझे गुडघे कुरकुरू लागले आहेत आणि माळवदाला चढताना मी मधल्या पायरीवर थांबते. म्हणजे तोच प्रश्न थोड्याच वर्षांत आमच्यापुढे पुन्हा येणार. आला तर मी पुन्हा वही काढीन. त्या वेळी उत्तर दुसरे निघाले तर 'एवढा खर्च केला' म्हणून हट्ट धरणार नाही. घर माणसांसाठी असते.

आपल्या मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. किल्लारीकडच्या मंडळांतील बायका गवंड्याच्या शेजारी उभ्या राहून भिंत सांधायला शिकल्या. आपण निदान एवढे करू : वर्षातून एकदा, मृगापूर्वी, एखाद्या जाणत्या इंजिनियरला आणि एका जुन्या गवंड्याला मंडळात बोलावू, आणि आपापल्या घरातली भेग त्यांना कशी दाखवायची, काय विचारायचे, ते शिकून घेऊ. जिला पाहिजे तिने आपली वही घेऊन यावे. 'घर पहावे बांधून' असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले आहे. बांधून पाहण्याचा योग सगळ्यांना येतोच असे नाही. पण डोळे उघडे ठेवून पाहणे आपल्या प्रत्येकीच्या हातचे आहे. पुढच्या वर्धापनदिनाला या सतरंजीवर कोणी 'बघू, काय ठरवतात' असे म्हणू नये, 'आम्ही असे ठरवले' असे म्हणावे, एवढीच माझी इच्छा.

 चहा तयार झालेला दिसतो आहे. आज तो ट्रे दुसऱ्या कोणी तरी आणावा, एवढे सांगून मी खाली बसते.